दुसऱ्या घरातलं शून्य

वोयिन केत्समानला शिव्यांची सवय होती. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला ती लागतेच; गिऱ्हाइकाच्या प्रिंटरमधला कागद संपला तरी बोल यालाच. पण बेकरीत? सोमवारी सकाळी तो रोजच्या बेकरीत बुरेक, म्हणजे मांस भरलेला पापुद्र्यांचा पाव, घ्यायला गेला, तर मालकिणीनं बुरेक कागदात गुंडाळला आणि हातात न देता फळीवर आपटला.

"घ्या," ती म्हणाली. "तुमच्यासाठी अख्खा. आम्हाला काय, नुसता 'ब' वाढला तरी चालतंय."

"काय म्हणालात?"

"स्टँडवर जाऊन बघा. आणि सुटे द्या."

वोयिन मुळातच तिरसट. त्यानं नाणी फळीवर टाकली, सकाळी सकाळी कुणाच्या तोंडाला लागायचं म्हणून बाहेर आला, आणि पहिला घास घेतो न घेतो तोच फोन वाजला. रेशादचा.

रेशाद मुय्किच म्हणजे गावच्या बस स्टँडचा प्रमुख, आणि वोयिनचा कुम. ज्याच्या सहीनं लग्न लागतं तो कुम. एकदा झाला की सख्ख्या भावाच्या वरचा. बोस्नियातल्या युद्धानंतरची ती वर्षं; सर्ब, बोस्नियाक मुसलमान आणि क्रोएट एकमेकांना मारायचे नुकते थांबलेले. सर्बाच्या लग्नात बोस्नियाक कुम म्हणून उभा राहणार हे कळल्यावर दोन्ही घरचे नातेवाईक तोंडं फिरवून बसले होते. वोयिनचा मामा जेवण टाकून निघून गेला, रेशादच्या बापानं महिनाभर अबोला धरला. तरी रेशाद कोट घालून आला, सही केली, नाचलाही. पुढे वोयिनच्या मुलीचं बारसं असो की रेशादच्या आईचं मरण, दोघं एकमेकांच्या दारात सगळ्यात आधी.

"केत्समान," रेशाद म्हणाला. आडनावानं. "स्टँडवर या."

"या? मी काय मंत्री लागून गेलो?"

"या म्हटलं ना. आत्ताच्या आत्ता."

फोन बंद झाला. वोयिनला ज्याची भीती वाटते त्याचा त्याला राग येतो, म्हणून तो तणतणतच स्टँडवर गेला.

या गावात स्टँडवर दोन इलेक्ट्रॉनिक पाट्या. डावीवर गावांची नावं सिरिलिक, म्हणजे रशियनसारख्या अक्षरांत, उजवीवर तीच नावं लॅटिन, म्हणजे इंग्रजीसारख्या अक्षरांत. नियमच तसा. डावी सर्बांची आणि उजवी बाकीच्यांची, असं नियमात कुठं लिहिलेलं नाही, पण पाळण्यातल्या पोराला विचारा, तेही सांगेल. आज डावी पाटी झकास होती. बेओग्राद, बियेल्यिना, डोबोय, सारायेवो, तूझ्ला, सगळी नावं ठसठशीत. आणि उजवी? सारायेवोचा नुसता 'स'. तूझ्लाचा नुसता 'त'. झेनित्साचा 'झ', झाग्रेबचाही 'झ'. खाली एकाखाली एक दोन 'ग'. बाकी सगळं काळंभोर. सांगा आता, माणसानं काय समजायचं?

माणसांनी जे समजायचं ते समजलं होतं. पाटीखाली घोळका जमला होता.

"हा तोच!" कुणीतरी ओरडलं. "यानंच केलंय सॉफ्टवेअर!"

"गावं गिळायला शिकवलंय मशीनला."

"आधी घरं जाळली, आता नावं खा!"

एक म्हातारी पिशवी घेऊन सरळ त्याच्या अंगावर आली. "मला जायचं होतं ग्रादाचात्सला, बहिणीकडं. 'ग'ची गाडी लागली, बसले. उतरवलं कुठं, तर ग्राचानित्सात! काल रात्रभर बाकड्यावर बसले बरं का रे मेल्या! तुझ्या घरात कुणी म्हातारं माणूस आहे की तेही पुसलंस?"

"आजी, मी काही..."

"आजी म्हणू नकोस मला! तुझी आजी असते तर आधी तुझे कान उपटले असते."

वोयिननं ऐकून घ्यायला हवं होतं. कुणीही शहाण्या माणसानं घेतलं असतं. पण तो म्हणाला, "गाडीवर पाटी असते, ती वाचायची मग!" झालं. आगीत तेल. कुणीतरी त्याच्या पायाशी थुंकलं, कुणीतरी त्याच्या आईचा उद्धार केला, आणि रेशादनं बाहेर येऊन त्याला दंडाला धरून केबिनमध्ये ओढलं नसतं तर त्या म्हातारीनंच पिशवी घातली असती डोक्यात.

केबिनचं दार लावून रेशाद खुर्चीत बसला. वोयिनला बस म्हणाला नाही. कॉफीचं तर नावच नको.

"हिवाळ्यात सिरिलिकच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं यायची," रेशाद म्हणाला. "त्या टायरवाल्या मिर्चेतानं गावभर बोंब मारली. सर्बांचा अपमान म्हणून. खरं?"

"खरं."

"मग तू ते दुरुस्त केलंस. शनिवारी माझी सुट्टी बघून नवीन बसवून गेलास. आता तुमचं मस्त दिसतंय. आमचं गेलं."

"सुट्टी बघून काय! शनिवारी गर्दी कमी म्हणून! आणि तुमचं-आमचं कधीपासून करायला लागलास रे?"

"पाटीनं केलं. मी नाही." रेशाद त्याच्याकडे न बघता टेबलावरचा शिक्का इकडून तिकडे सरकवत होता. "मी एकच विचारतो, वोयिन, सरळ सांग. मुद्दाम केलंस?"

वोयिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बेकरीवालीनं म्हणावं, म्हातारीनं म्हणावं, ठीक आहे. यानं? 'नाही' हा एवढासा शब्द. तो म्हणाला असता तर पुढचं निम्मं टळलं असतं. पण अपमान झालेल्या माणसाला साधा शब्द सापडत नाही.

"तुझ्याच पोरांपैकी कुणीतरी हात घातलाय त्यात," तो म्हणाला. "की-बोर्ड तुमच्या केबिनमध्ये आहे, माझ्या घरी नाही. मला बदनाम करायला केलंय कुणीतरी. तूच शोध आपल्या घरात!"

रेशादचा हात थांबला. "संध्याकाळी नगरपरिषदेची बैठक आहे. मला उभं करून विचारतील, केत्समान तुझा कुम ना? मग हे कसं झालं? मी काय सांगायचं ते तू मला आणून दे. नाही आणलंस तर मला जे दिसतं ते सांगेन."

"सांग! खुशाल सांग!"

"आणि मग तुझ्या दारात मी यायचं नाही. तू माझ्या दारात यायचं नाही. समजून ऐक, रागात बोलत नाहीये मी."

रागात बोलला असता तर परवडलं असतं. वोयिन मागच्या दारानं बाहेर पडला आणि ऑफिसला गेला.

ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालकीण यादरांका, क्रोएट, जिभेला धार लावूनच घरातून निघणारी.

"या, वीरपुरुष!" ती म्हणाली. "सकाळपासून फोन ठेवायला उसंत नाही. एक जण म्हणाला सर्बाला कामावर ठेवलं म्हणून असं होतं, दुसरा म्हणाला क्रोएट बाईनंच त्याला बळीचा बकरा केलाय. मला सांग, परिषदेला मी काय कळवू? तुझं नाव देऊ की नुसतं आडनाव? आडनावानं काम लवकर होईल."

"माझी चूक नाही. कुणीतरी मुद्दाम..."

"मुद्दाम, मुद्दाम! या गावात नळ गळला तरी मुद्दाम! शोध काय झालंय ते, नाहीतर उद्यापासून टायर विक मिर्चेताच्या दुकानात."

वोयिन बसला शोधायला. पण काय शोधायला बसला? माणूस. कुणी केलं, कधी केलं, कुणाचा हात. या गावातली खोड आहे ती. काही मोडलं की कसं मोडलं हे कुणी विचारत नाही, कुणी मोडलं एवढंच. वोयिनही याच गावचं पाणी प्यालेला. त्यानं स्टँडच्या मशीनच्या सगळ्या नोंदी उपसल्या. शनिवारी त्यानं स्वतः नवीन सॉफ्टवेअर बसवलं, नावं एकदा उघडली, 'साठवा' दाबलं, घरी गेला. त्यानंतर की-बोर्डला कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या मशीनवर बघावं, तर दोन्ही लिप्यांची नावं धड. अर्थात धड असणारच. तिथं लॅटिन नावं परत साठवलीच नव्हती कुणी. पण हे त्याला तेव्हा सुचायला हवं ना! रागानं डोळ्यांवर झापडं आली होती. गावच्या पोर्टलवर त्याचा फोटो आलेला, खाली लोकांनी मनसोक्त तोंडसुख घेतलेलं. एकानं त्याच्या मुलीच्या शाळेचं नाव लिहिलं होतं. ते वाचल्यावर त्यानं मशीन तसंच टाकलं आणि कोपऱ्यावरच्या कॅफेत जाऊन बसला.

बसला नाही तोच समोर रकिया आली, इथली कडक दारू. मागवली नव्हती.

"त्या टेबलाकडून," वेटर म्हणाला, आणि असं तोंड केलं की जणू पेला विटाळलाय.

त्या टेबलावर मिर्चेता. टायरचं दुकान, आवाज मोठा, आणि सर्ब जातीची सगळी दुखणी स्वतःच्या छातीवर लावून फिरणारा. नावातच मिरची, म्हणावं का? पण त्यालाही आज वोयिनचा उमाळा आला होता. उठून आला, शेजारी बसला, पाठीवर अशी थाप मारली की पेला हिंदकळला.

"भावा! वाघ आहेस! मी तुला उगाच शिव्या घालत होतो हिवाळ्यात. म्हटलं, हा केत्समान त्यांच्यात मिसळून बाटला. आणि तू? गपचूप एका झटक्यात सगळ्यांची शेपटं छाटलीस!"

"मी काही छाटलं नाही."

"अरे हो, हो!" मिर्चेतानं डोळा मारला. "पोलिसांना हेच सांग. चूक झाली, मशीन बिघडलं. पण मला नको शिकवूस. माझी तर सकाळपासून छाती फुगलीय."

सकाळपासून खाल्लेल्या सगळ्या शिव्या एका पारड्यात आणि ही शाबासकी एका पारड्यात. शिव्या परवडल्या! वोयिनला वाटलं, उठून याच्या तोंडावर रकिया फेकावी. त्याचा हात पेल्याकडे गेलाही.

"हा बघ, मी फोटोच काढून ठेवलाय," मिर्चेता म्हणाला आणि फोन त्याच्या नाकासमोर धरला. "पडद्यावर लावलाय. आपली पाटी बघ, एक काना इकडचा तिकडे नाही!"

वोयिननं बघितलं. फेकायचं तसंच राहिलं.

"हे काय आहे?" त्यानं बोट ठेवलं.

"काय काय? बान्या."

"बान्या काय?"

"बान्या लुका! दुसरी कुठली बान्या आहे रे आपल्याकडं?"

"मग लुका कुठं आहे?"

मिर्चेतानं फोन डोळ्यांजवळ नेला. सिरिलिक पाटीवर, बियेल्यिनाच्या खाली, नुसतं 'बान्या' होतं. पुढे काळं. सकाळपासून अख्खं गाव त्या दोन पाट्या बघून भांडत होतं, आणि एकालाही ते दिसलं नव्हतं. उजवीवाल्यांनी डावीकडं नुसतं जळून बघितलं, डावीवाल्यांनी नुसतं खूश होऊन. ज्याला त्याला आपलंच दुखणं.

"बोलताना आपण बान्याच म्हणतो की," मिर्चेता म्हणाला, पण आवाज उतरला होता.

वोयिन ऐकत नव्हता. बान्या आणि लुका यांच्यामध्ये काय आहे? मोकळी जागा. बेओग्रादमध्ये मोकळी जागा नाही, डोबोयमध्ये नाही. मोकळ्या जागेत काय असतं? त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, इतक्या जोरात की वेटरनं वळून बघितलं.

"शून्य! अरे गाढवा, शून्य!"

"गाढव कुणाला म्हणतोस?"

"मला! मला म्हणतोय!" वोयिन उभा राहिला. "मिर्चेता, तुझीपण छाटलीत मी शेपटं. तुझ्या सर्बांची राजधानी अर्धी खाल्ली माझ्या सॉफ्टवेअरनं. आता लाव पडद्यावर!"

मिर्चेताचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे तू... आमचीपण? कुणाचा पैसा खाल्लास? त्या तुझ्या कुमचा ना? मला वाटलंच होतं! कुत्र्याचं शेपूट ते..."

पुढचं दारातच राहिलं. वोयिन ऑफिसचा जिना चढून वर गेलाही होता.

"सापडलं?" यादरांकानं विचारलं.

"सापडलं. कुणी माणूस नाही. मी आहे."

"मग माणूसच की, वाईट असला तरी. नीट सांग. मला समजेल असं सांग, मलाच परिषदेपुढं बोलायचंय."

वोयिननं कागद ओढला आणि चौकोन काढले. "मशीनमध्ये प्रत्येक अक्षराला दोन घरं. दोन्ही लिप्या एका फाइलमध्ये मावाव्यात म्हणून शनिवारच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये मीच ही दोन घरांची पद्धत आणली. सिरिलिक अक्षराची दोन्ही घरं भरलेली असतात. लॅटिन अक्षराचं काम एकाच घरात भागतं, त्याच्या दुसऱ्या घरात शून्य असतं. मोकळ्या जागेचंही तेच."

"बरं."

"आता साठवणारा प्रोग्रामचा तुकडा जुना. त्याला एवढंच ठाऊक, की वाचत जा, शून्य दिसलं की मजकूर संपला. पूर्वी ते बरोबर होतं. आता 'सारायेवो' साठवायला घेतलं, पहिलं घर 'स', दुसरं घर शून्य. संपलं म्हणे गाव! बेओग्रादमध्ये शून्यच नाही, म्हणून तो पार झाला. बान्या लुका मधल्या फटीत पडली."

यादरांका कागदाकडं बघत राहिली. "म्हणजे रिकामं घर दिसलं की हा समजतो, गाव संपलं."

"हो."

"शाब्बास. या देशात राहून तुला हेच सुचावं!" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात राग नव्हता. "कर दुरुस्त. लवकर."

दुरुस्ती मुळीच अवघड नव्हती. अवघड नसते, हाच तर त्रास आहे. शून्य दिसेपर्यंत वाच, हे त्यानं काढून टाकलं. त्याजागी, आधी मजकुराची लांबी लिही, मग मजकूर. वाचताना जितकी लांबी सांगितली तितकं वाच, मधे शून्य येवो की अजून काही, थांबायचं नाही. मजकुराचा शेवट कुठं हे मजकुराच्या पोटातल्या एका चिन्हावर सोडायचं नाही, आधीच सांगून ठेवायचं. त्यानं स्टँडच्या फाइलची प्रत घेऊन तपासलं आणि दुसरी गोष्ट लक्षात आली. साठवताना जे तुटलं ते तुटलंच. फाइलमध्ये 'स'च्या पुढं काहीच उरलेलं नव्हतं. लॅटिन नावं सगळी परत हातानं भरावी लागणार होती, आणि तीही तिथं जाऊन, त्या लोकांसमोर.

स्टँडवर आता दोन्हीकडचे लोक होते. मिर्चेतानं आपली माणसं आणली होती. सकाळी निम्मं गाव शिव्या देत होतं, आता पूर्ण. बंधुभाव म्हणतात तो हाच असावा.

"लुका कुठंय? लुका द्या आमची!"

"आता रडताय? आमचं सारायेवो गेलं तेव्हा पेढे वाटत होता!"

"विकला गेलेला माणूस आहे हा!"

"कुणाला रे? आम्ही तर छदामही दिला नाही!"

वोयिननं दोन वाक्यांत सांगायचा प्रयत्न केला. शून्य म्हणाला, घर म्हणाला. मागून कुणीतरी ओरडलं, "तूच शून्य!" आणि सगळे हसले, दोन्हीकडचे. वोयिननं सरळ पाठ फिरवली. केबिनमध्ये गेला आणि रेशादसमोर मिर्चेताचा फोटो आणि चौकोनांचा कागद ठेवला.

रेशादनं चष्मा लावला. वोयिननं बान्यावर बोट ठेवलं, मधली मोकळी जागा दाखवली, दोन घरं दाखवली. या वेळी न चिडता. रेशादनं मधेच दोन प्रश्न विचारले, नेमके. मग तो खिडकीपाशी गेला, डावी पाटी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली, आणि परत येऊन अंगावरचं ओझं उतरवून ठेवल्यासारखा खुर्चीत बसला.

"म्हणजे मुद्दाम नाही," तो म्हणाला.

"नाही. सकाळीच म्हणायला हवं होतं मी. डोकं फिरलं होतं."

"माझंही." रेशादनं तोंडावरून हात फिरवला. "देवाची शप्पथ सांगतो, सकाळपासून घशाखाली घास उतरला नाही. सारखं वाटत होतं, याला मी कोट घालून उभा राहिलो होतो. माझा बाप म्हणाला होता, पस्तावशील. आज त्याच्या थडग्यावर जाऊन माफी मागावी लागते की काय असं झालं होतं." त्यानं स्टूल पायानं वोयिनकडं सरकवलं. "बस की. उभा काय राहिलास जावयासारखा."

वोयिनला एकदम रडू येईलसं वाटलं. तो घाईघाईनं बसला आणि की-बोर्ड पुढं ओढला. "नावं भरायचीत. सांग."

रेशाद सांगत गेला, वोयिन लिहीत गेला. सारायेवो. तूझ्ला. झेनित्सा. प्रत्येक नाव साठवलं की बाहेरच्या पाटीवर उमटायचं आणि घोळक्यातून कुणीतरी ते मोठ्यानं वाचायचं. ग्रादाचात्स आलं तेव्हा एका बाईनं टाळी वाजवली. बान्याच्या पुढं लुका आली तेव्हा मिर्चेताचे लोक आपणच लढाई जिंकल्यासारखे ओरडले आणि हळूहळू पांगायला लागले. रेशादनं पोराला हाक मारून कॉफी सांगितली. परिषदेला आता काय सांगायचं ते त्याच्या हातात होतं.

"एक सांग," तो सहज म्हणाला, कॉफी ढवळत. "तुम्ही लोक बसवायच्या आधी तपासून बघता ना?"

"बघतो की. न बघता कसं चालेल!"

"मग शनिवारच्या आधी बघितलं होतंस?"

"चांगलं दोन दिवस बघितलं."

"काय लिहून बघतोस?"

"गावांची नावं. बेओग्राद लिहिलं, साठवलं, उघडलं. बियेल्यिना. डोबोय. आमचं पेत्रोवो." वोयिनचं बोट 'ओराश्ये'च्या मधल्या अक्षरावर होतं. ते तिथंच थांबलं.

रेशादनं चमचा बशीत ठेवला. "सगळी सिरिलिकमध्ये."

"बिघाड सिरिलिकचा होता ना. प्रश्नचिन्हं तिथं यायची."

"तो दुरुस्त झाला की नाही ते बघितलंस, बरोबर आहे. पण दोन दिवस होते. एकदा तरी तूझ्ला? माझं गाव आहे, तुझ्या पोरीचं बारसं तिथं झालं."

"अरे, लॅटिन कधी बिघडत नाही, रेशाद!" वोयिन कळवळून म्हणाला. खोटं बोलत नव्हता तो, अजिबात नाही. "कुठंही विचार. त्रास देते ती सिरिलिक. लॅटिन आपोआप चालते. मी दिवसभर लॅटिनमध्येच लिहितो, सगळं कामच त्या अक्षरांत असतं. आपोआप चालतं ते कोण तपासतं? मनातच आलं नाही माझ्या."

बाहेर एक गाडी लागत होती. चालकानं हॉर्न दिला. रेशाद उठला, त्यानं घोषणेचा माइक जवळ घेतला, पण बटण दाबलं नाही.

"सकाळपासून मी देवाकडे एकच मागत होतो," तो म्हणाला. "यानं मुद्दाम केलेलं नसू दे. त्यानं ऐकलं. पण मुद्दाम केलं असतंस ना, वोयिन, तर निदान करताना आम्ही तुझ्या डोळ्यांसमोर आलो असतो."

वोयिननं तोंड उघडलं. रेशादनं हातानंच त्याला थांबवलं आणि बटण दाबून तूझ्लाची गाडी लागल्याचं सांगायला सुरुवात केली.